मालकाच्या पुस्तकातले पक्वान्न, दासीच्या हातची चव

भगिनींनो, गोडधोड करायचे म्हटले की आपण आधी साखरेचा डबा उघडतो, नाहीतर गूळ किसायला घेतो. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोम शहरात मात्र साखरेचा डबा कोणाच्याच घरी नव्हता. साखर त्यांना ऐकून ठाऊक होती. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की साखर अरबस्तानात होते, पण भारतातली अधिक चांगली, आणि तिचा उपयोग फक्त औषधापुरता. मग रोमचे लोक गोड खात तरी काय? मध, खजूर, अंजीर, मनुका आणि आटवलेला द्राक्षरस. बटाटा, टोमॅटो, मिरची, शेंगदाणा, चॉकलेट यांपैकी काहीही त्यांनी पाहिलेले नव्हते.

तरीही ते असा एक पदार्थ करत, जो आज आपल्या एका खोलीच्या घरातही, गॅसच्या शेगडीवर, साध्या कुकरमध्ये करता येतो. त्याचे नाव साविल्लुम. ताजे चीज, पीठ, मध, अंडे आणि वरून खसखस. आपल्या खरवसाची आठवण व्हावी असा मऊ, आणि चीजकेक म्हणून हल्ली बेकरीत महाग विकतात त्याचा फार जुना नातेवाईक.

या लेखात साविल्लुमची कृती दिली आहे. पण कृतीबरोबर आणखी एक गोष्ट सांगायची आहे. हा पदार्थ ज्याच्या नावाने आपल्यापर्यंत आला तो एक जमीनदार होता. त्या जमीनदाराच्या घरी चूल पेटवणारी, पीठ मळणारी माणसे कोण होती, हेही त्याच पुस्तकात लिहिलेले आहे. कृती वाचायची तर तेही वाचले पाहिजे.

पुस्तक कोणाचे?

मार्कस पोर्सियस केटो हा रोमचा मोठा पुढारी. जन्म इ.स.पू. २३४, मृत्यू इ.स.पू. १४९. त्याने इ.स.पू. १६०च्या सुमारास शेतीवर एक पुस्तक लिहिले. लॅटिन गद्यातले आज पूर्ण हाती असलेले सर्वांत जुने पुस्तक तेच. द्राक्षाचा मळा कसा लावावा, ऑलिव्हचे तेल कसे काढावे, बैलांना काय खाऊ घालावे, गुलाम किती ठेवावेत, असा सगळा कारभार त्यात आहे. आणि मधेच, हिशेबाच्या वहीत कोणीतरी लाडवाचे प्रमाण टिपून ठेवावे तशा काही गोड पदार्थांच्या कृती आहेत. त्यांतली चौऱ्याऐंशीव्या प्रकरणातली कृती साविल्लुमची.

केटो मोजूनमापून लिहिणारा माणूस. अर्धा पौंड पीठ, अडीच पौंड चीज, पाव पौंड मध, एक अंडे. मातीच्या भांड्याला तेल लावा. सगळे नीट कालवून त्यात ओता, वर मातीचे झाकण ठेवा. मधला भाग सर्वांत जाड असतो, तो नीट शिजला आहे ना पाहा. शिजल्यावर बाहेर काढून मध लावा, खसखस भुरभुरा, पुन्हा थोडा वेळ झाकणाखाली ठेवा. मग त्याच भांड्यात, चमच्यासह वाढा. एवढीच कृती. आजच्या पाककृतीच्या पुस्तकातही याहून नेटकी सापडायची नाही.

रोमन पौंड म्हणजे साधारण ३२७ ग्रॅम. त्या हिशेबाने चीज ८१८ ग्रॅम, पीठ १६४ ग्रॅम आणि मध ८२ ग्रॅम होतो. लक्षात ठेवायला सोपे प्रमाण असे: चीज दहा भाग, पीठ दोन भाग, मध एक भाग. एवढे प्रमाण पक्के असले की पदार्थ लहान करा नाहीतर मोठा.

आपल्या घरातले साहित्य

केटोचे चीज म्हणजे मेंढीच्या दुधाचे ताजे चीज. दुसऱ्या एका पदार्थाच्या कृतीत तो सांगतो की चीज ताजे असावे, आंबट नसावे, आणि ते पाण्यात भिजवून तीनदा पाणी बदलावे. आपल्याकडे त्याच्या जवळचा पदार्थ म्हणजे घरचे पनीर. लिंबू पिळून दूध फाडले की पनीर आपणही पाण्याखाली धुतो आणि आंबटपणा काढून टाकतो. म्हणजे हा धडा तेव्हाचा आणि आताचा सारखाच. चक्का मात्र घेऊ नये, त्याने पदार्थ आंबट होतो.

पिठासाठी खपली गहू मिळाला तर फारच चांगले. सांगली-साताऱ्याकडे ज्या खपलीची खीर होते, ती आणि जुन्या रोमन लोकांचे 'फार' नावाचे धान्य ही एकाच जातीची. खपली नसेल तर रोजची कणीक बारीक चाळणीने चाळून घ्यावी.

तेल म्हणजे रोमन लोकांचे ऑलिव्हचे. ते महाग पडते, म्हणून तिळाचे घ्यावे. तीळही त्यांना माहीत होता. भांड्याला लावण्यापुरतेच तर लागते.

चार-पाच माणसांच्या घराला चवीपुरते करायचे, तर केटोच्या प्रमाणाचा पाव हिस्सा पुरे:

म्हशीचे दूध एक लिटर (त्याचे साधारण २०० ग्रॅम पनीर निघते), पीठ ४० ग्रॅम म्हणजे जेमतेम अर्धी वाटी, मध २० ग्रॅम म्हणजे एक मोठा चमचा, वरून लावायला आणखी एक चमचा मध, अर्धे फेटलेले अंडे, एक लहान चमचा खसखस, भांड्याला लावायला तेल. हिशेबाने अंडे पावच येते, पण आपले पनीर कोरडे असते, म्हणून अर्धे घातले तर मिश्रण चांगले मिळून येते.

कृती

१. दूध उकळून खाली उतरवा. लिंबाचा रस थोडा थोडा घालून फाडा. फडक्यात गाळा, थंड पाण्याने दोन-तीनदा धुवा, आणि अर्धा तास टांगून ठेवा. वजन ठेवून दाबू नका. घट्ट वडी पडेल असे पनीर इथे उपयोगाचे नाही.

२. पनीर परातीत घेऊन तळहाताने चांगले मळा. एकही गाठ राहता कामा नये. चीज खलात चांगले कुटून घ्या, असे केटोही आपल्या एका कृतीत सांगतो. पाट्यावर वाटले तरी चालेल.

३. त्यात पीठ, मध आणि फेटलेले अंडे घालून एकजीव करा. मिश्रण भज्याच्या पिठापेक्षा घट्ट, पण हाताने थापता येईल असे हवे. फारच घट्ट वाटले तर एक चमचा दूध घाला.

४. मातीची परळ किंवा ॲल्युमिनियमचा पसरट डबा घ्या. आतून तेल लावा. मिश्रण ओतून वरून सारखे करा. दीड इंचापेक्षा जाड थर नको.

५. कुकरच्या तळाशी एक इंच जाड वाळू किंवा जाडे मीठ पसरा. त्यावर जाळी ठेवा. पाणी घालायचे नाही. झाकणाचे रबर आणि शिट्टी काढून ठेवायला विसरू नका. डबा ॲल्युमिनियमचा असेल तर कुकर आधी पाच-सात मिनिटे तापवून घ्या. परळ मातीची असेल तर ती थंड कुकरमध्येच ठेवा आणि आच हळूहळू वाढू द्या, नाहीतर तडा जातो.

६. मंद आचेवर ४० ते ४५ मिनिटे ठेवा. मग मधोमध सुरीचे टोक घालून पाहा. कोरडे निघाले तर झाले.

७. बाहेर काढून गरम असतानाच वरून मध लावा, खसखस भुरभुरा आणि पुन्हा पाच मिनिटे झाकून ठेवा.

ज्यांच्याकडे चूल आहे त्यांनी तर केटोच्याच रीतीने करावे. परळ निखाऱ्यावर ठेवावी, वर दुसरी परळ पालथी घालावी आणि तिच्या पाठीवर निखारे ठेवावेत. खालून-वरून सारखी आच लागते. रोमन लोकांची भट्टी ती हीच.

चव कशी लागते? फार गोड नाही. आपल्या पेढ्या-बर्फीच्या सवयीला ती फिकीच वाटेल. पण दुधाचा गोडवा, मधाचा वास आणि खसखशीची कुरकुर यांनी मन भरते. मुलांना आवडते. मात्र एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये, हे लक्षात असू द्या.

मधला भाग कच्चा राहिला तर?

आपल्या घरी मधला भाग कच्चा राहिला तर पुन्हा दहा मिनिटे ठेवायचा, एवढेच. केटोच्या घरी तसे नव्हते. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क याने केटोचे चरित्र लिहिले आहे. तो सांगतो की तरुणपणी केटो आपल्या गुलामांबरोबर शेतात राबे, त्यांच्या पंगतीला बसून तीच भाकर खाई. पण पुढे संपत्ती वाढली, मित्रांना मेजवान्या सुरू झाल्या. मेजवानी संपली रे संपली की स्वयंपाकात किंवा वाढण्यात ज्याची चूक झाली असेल त्या गुलामाला तो चामड्याच्या वादीने मारी. हे कळल्यावर कृतीतले 'मधला भाग नीट शिजला आहे ना पाहा' हे वाक्य पुन्हा वाचा. आपल्याला तो सल्ला वाटतो. ज्याच्या हातात ते भांडे होते त्याच्या पाठीला मात्र त्याचा वेगळाच अर्थ ठाऊक होता.

त्याच पुस्तकात गुलामांच्या शिध्याचा हिशेब आहे. साखळीत बांधून राबवल्या जाणाऱ्यांना हिवाळ्यात रोज चार पौंड पाव. द्राक्षाच्या मळ्याची खोदाई सुरू झाली की पाच पौंड. अंजिरे पिकू लागली की पुन्हा चार, कारण पोटाचा उरलेला खळगा ते अंजिरांनी भरतील. कालवण म्हणून झाडाखाली गळून पडलेली ऑलिव्ह. ती संपली की खारवलेल्या माशांचे लोणचे आणि व्हिनेगर. थोडे तेल, थोडे मीठ, ठरलेली दारू. अंगात घालायला एक सदरा आणि एक घोंगडी, तीही वर्षाआड. नवा कपडा देताना जुना परत घ्यायचा, कारण त्याच्या गोधड्या होतात. या सगळ्या यादीत चीज नाही आणि मधही नाही.

आणि माणूस म्हातारा झाला तर? केटोने विकून टाकायच्या वस्तूंची यादी दिली आहे. म्हातारे बैल, खोड असलेली जनावरे, लोकर, कातडी, जुनी गाडी, जुनी लोखंडी अवजारे, म्हातारा गुलाम, आजारी गुलाम, आणि जे जे जास्तीचे असेल ते. गाडी आणि अवजारांच्या ओळीतच माणूस. प्लुटार्कला हे वाचून राहवले नाही. तो लिहितो की माझ्यासाठी राबून म्हातारा झालेला बैलही मी विकणार नाही, मग माणसाची गोष्टच दूर. म्हणजे तेव्हाही हे ज्याला खटकावे त्याला खटकत होतेच. 'त्या काळी तसेच होते' म्हणून गप्प बसण्याची सोय प्लुटार्कने ठेवलेली नाही.

विलिका नावाची बाई

केटोच्या मळ्यावर कारभार पाहणारा मुकादम असे, तोही गुलामच. त्याच्या जोडीची बाई म्हणजे विलिका. तिच्या कामांची यादी एकशे त्रेचाळिसाव्या प्रकरणात आहे. घर झाडून-लोटून स्वच्छ ठेवावे. मुकादमाचे आणि सगळ्या गड्यांचे जेवण रांधावे. कोंबड्या पुष्कळ पाळाव्यात, अंडी असावीत. नाशपती, अंजिरे, मनुका वाळवून, टिकवून ठेवाव्यात. चांगले पीठ करता आले पाहिजे.

तिला काय करायचे नाही तेही लिहिले आहे. शेजारणींकडे फार जायचे नाही. जेवायला कुठे जायचे नाही. आणि मालक-मालकिणीच्या हुकुमाशिवाय देवपूजा करायची नाही, दुसऱ्याकडूनही करवून घ्यायची नाही. सगळ्या घराच्या वतीने पूजा मालकच करतो, हे तिने लक्षात ठेवायचे. तिच्या हातचे पीठ मालकाच्या देवाला चाले. तिने स्वतः हात जोडायला मात्र परवानगी लागे. असल्या नियमाचा अर्थ आपल्या वाचकांना कोणी उलगडून सांगायची गरज नाही.

अंडी तिची, पीठ तिचे, चूल तिची. तरी साविल्लुमची कृती केटोच्या नावावर आहे. तिचे नाव त्या पुस्तकात कुठेच नाही.

हे एका केटोपुरतेही नव्हते. रोमचा इतिहासकार लिव्ही म्हणतो की पूर्वी स्वयंपाकी हा सर्वांत कमी किमतीचा गुलाम मानला जाई, इ.स.पू. १८७ मध्ये आशियातल्या लढाईवरून सैन्य लूट घेऊन परतले, चैन वाढली, आणि मग स्वयंपाक्याचा भाव चढला. भाव चढला, माणूस मात्र विकाऊच राहिला. इटलीतले पॉम्पेई शहर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या उत्खननात सापडलेली एक बेकरी २०२३ मध्ये जगापुढे आली. खिडक्या लहान, उंचावर, त्यांना लोखंडी गज. बाहेरचे काही दिसू नये अशी सोय. आत गाढवे आणि गुलाम मिळून जाते ओढत. फरशीवर पावलांसाठी खाचा कोरलेल्या, म्हणजे फिरणाऱ्यांच्या चाली एकमेकांत अडकू नयेत. आपल्या आज्यांनी पहाटे जाते ओढले, पण ओढता ओढता त्या ओव्या तरी गात. त्या कोठडीत कोणी काय गात असेल?

मिरे घातलेला खजूर

साविल्लुमला वेळ नसेल तर आणखी एक रोमन गोड पदार्थ दहा मिनिटांत होतो. आपिकियुसच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोमन पाककृतींच्या संग्रहात तो आहे. वीस खजूर घ्या, बिया काढा. आत अक्रोडाचा किंवा बदामाचा तुकडा आणि चिमूटभर मिरपूड भरा. बाहेरून किंचित मीठ लावा. कढईत तीन चमचे मध मंद आचेवर तापवून त्यात खजूर दोन मिनिटे परता. गरम गरम खा. गोड, खारट आणि तिखट अशा तिन्ही चवी एका घासात येतात.

यातले मिरे आपल्याच देशातले. केरळच्या किनाऱ्यावरच्या मुझिरिस बंदरातून ते जहाजांनी जात. प्लिनी कुरकुरतो की नुसत्या तिखटपणासाठी लोक भारतापर्यंत धावतात, आणि भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, नेतो. इजिप्तमधल्या बेरेनिके या जुन्या बंदरात उत्खननात एका भारतीय रांजणात साडेसात किलो काळे मिरे जसेच्या तसे सापडले.

याच व्यापाराच्या वाटेवर आपला महाराष्ट्रही होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या माहितीपुस्तकात सोपारा, कल्याण आणि पैठण ही नावे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर 'यवन' दात्यांचे लेख कोरलेले आहेत. यवन म्हणजे पश्चिमेकडून आलेले लोक. आणि ज्या बेरेनिकेला मिरे उतरत, तिथेच २०२२ मध्ये बुद्धाची संगमरवरी मूर्ती सापडली. पुढच्या वर्षी ती बातमी जगभर गेली. मिऱ्यांची पोती ज्या समुद्राने गेली, त्याच समुद्राने बुद्धही तिकडे पोहोचला होता.

करताना एवढे करा

भगिनींनो, एखाद्या रविवारी साविल्लुम जरूर करून पाहा. पनीर मुलांकडून मळून घ्या, प्रमाणाचा हिशेब त्यांनाच करायला लावा. गणिताचा आणि इतिहासाचा धडा एकदमच होईल. झाल्यावर घरात जितकी माणसे तितके सारखे तुकडे करा. ज्याने केले त्यालाही बसवून, सगळ्यांबरोबर खाऊ घाला. केटोच्या घरी जे झाले नाही ते आपल्या घरी होऊ द्या.

आणि आणखी एक काम. आपल्या आईची, आजीची, सासूबाईंची जी एखादी खास कृती असेल, मग ती खपलीची खीर असो, पुरणपोळी असो की साधी डांगराची भाजी, ती एका वहीत लिहून काढा. प्रमाण लिहा, आच किती ते लिहा. आणि कृतीच्या वर, ठळक अक्षरांत, तिचे पूर्ण नाव लिहा. विलिकाचे नाव कोणी लिहिले नाही. आपल्या घरातल्या बाईचे नाव लिहायला आपण कोणाच्या हुकुमाची वाट पाहायची नाही.